फरशीखालचं गाढव

आयर्लंडमधल्या आमच्या क्लोहानमोर गावात जेम्सी मॅरिननपेक्षा चांगलं फिडल, म्हणजे नाचाचं व्हायोलिन, वाजवणारे तिघे तरी होते, आणि ही गोष्ट जेम्सीच सगळ्यांना सांगत सुटायचा. त्यातला एक बोस्टनला गेला, एक दारूत गेला आणि तिसऱ्याचं नाव जेम्सीला कधी आठवायचं नाही. पण कुठे लग्न असलं, मळणी आटोपली असली, कोणाची पोरगी अमेरिकेला निघाली असली, की बोलावणं जायचं ते जेम्सीलाच. बाकीच्यांचं वाजवणं बसून ऐकायला बरं होतं. जेम्सीने गज लावला की बसून राहणं जमायचं नाही. माझे वडील गुडघ्यांनी पार अधू झालेले, तेही खुर्चीतल्या खुर्चीत टाचा आपटायचे आणि नंतर दोन दिवस कण्हायचे.

त्याची बसण्याची तऱ्हा ठरलेली होती. बुटकी खुर्ची, दूध काढायला घेतात तशी. मान खाली, नजर जमिनीवर. समोर फादर बसलेत की फौजदार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला नाचणाऱ्यांचे पाय दिसले की झालं. टाळ्या पडल्या तर तो दचकून वर बघायचा, झोपेतून उठवल्यासारखा. आणि प्रत्येक गत सुरू करण्याआधी ती कोणाकडून आली ते सांगायचा. "ही पॅडी किलीनची, त्याला त्याच्या मावशीकडून मिळाली." एवढं सांगितल्याशिवाय गज तारेला लागायचा नाही. घाईतल्या नाचणाऱ्या पोरी म्हणायच्या, "जेम्सी, मावशीला राहू दे, वाजव." तो म्हणायचा, "मावशी राहिली तर गतही राहिली."

ही सवय त्याला लावली नॅन होननने. नॅन शिवणकाम करायची. एका खांद्यावर फिडल आणि मागे ढकलगाडीत शिवणाचं यंत्र, अशी घरोघर फिरायची. एका घरी आठवडाभर राहून कपडे शिवायची, आणि काम संपलं की वाजवायची. मॅरिननांच्या घरी ती दरवर्षी लेंटच्या उपवासांआधी यायची. जेम्सी तेव्हा सतरा-अठराचा, हाताने राकट, फिडल धरायचा कुदळ धरल्यासारखं. नॅनने त्याला पहिला आठवडाभर तारेला हातच लावू दिला नाही. यंत्राशेजारी बसवलं आणि पायट्याकडे बघायला लावलं. तिचा पाय पायट्यावर वरखाली, आणि याने नुसता गज हवेत तसा हलवायचा. त्याची आई म्हणाली, "पोराला वेड लागलं असं गावभर होईल." नॅन म्हणाली, "होऊ दे. बोटं कोणीही शिकवेल. पाय कळले पाहिजेत."

दुसरा गुरू म्हणजे त्याचं गाढव. हे मी थट्टेने म्हणत नाही, तोच म्हणायचा. गाढवाचं नाव बिशप, कारण चाल धीमी आणि चेहरा मोठ्या धर्मगुरूसारखा गंभीर. रोज सकाळी दुधाचे हंडे घेऊन बिशपच्या गाडीतून जेम्सी डेअरीवर जायचा, तीन मैल जाणं, तीन मैल येणं, आणि वाटभर तोंडाने गती गुणगुणायचा. खुरांचा ताल इतका पक्का की मी शेतातून नुसतं ऐकून सांगायचो, आज नाचाची कोणती गत चालली आहे, रील की जिग. बिशप मध्येच थांबला की जेम्सीची गतही थांबायची. किलरशच्या वाटेवर एक पिवळ्या फुलांचं झुडूप होतं, तिथे बिशप हटकून थांबायचा. एक रील जेम्सीला वर्षभर अर्धीच येत होती. पुढचं कसं जातं म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत, बिशप तिथे खायला थांबतो."

एकदा आम्ही त्याला जबरदस्तीने एनिसला स्पर्धेला नेलं. स्टेजवर नाचणारं कोणी नाही. हा बसला, मान खाली घातली, इकडे तिकडे पाय शोधले, आणि शेवटी परीक्षकाचा पाय त्याला सापडला. फेब्रुवारीचा महिना, सभागृहात शेकोटी नाही, बिचारा परीक्षक थंडीने पाय हलवत होता. जेम्सीने तोच ताल धरला. परीक्षकाला जसजशी थंडी भरत गेली तसतशी रील पळायला लागली. शेवटी शेवटी तर कोंबडीमागे कुत्रा लागल्यासारखी. आम्ही मागे रुमालात तोंड खुपसून बसलेलो. येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "त्या माणसाला नाचता येत नाही."

नाचावं ते टीझीने. टीझी म्हणजे त्याची बायको, लिलिस घराण्यातली. मॅरिननांच्या जुन्या घरात चुलीपुढे नाचाची फरशी होती, दारापेक्षा रुंद, काळीनिळी. तिच्याखाली जेम्सीच्या आजोबांनी खड्डा करून घोड्याची कवटी ठेवलेली. आमच्याकडे सगळ्या चांगल्या घरांत असायची. टाच पडली की आवाज खाली पोकळीत शिरायचा आणि भरून वर यायचा, सगळं घर ढोल झाल्यासारखं. टीझी त्या फरशीवर पहिल्यांदा नाचली तेव्हा जेम्सीने लागोपाठ अकरा गती वाजवल्या आणि बारावीच्या आधी मागणी घातली. ती म्हणाली, "आधी बारावी वाजव. मग बघू."

असं सगळं चाललेलं. मग कौन्सिलने रस्त्यापलीकडे नवी घरं बांधली. पत्र्याचं नाही, गवताचं नाही, पक्कं कौलाचं छप्पर, आत नळ, वीज, आणि खाली गुळगुळीत सिमेंट. टीझीने दोन बादल्या घेऊन विहिरीवर चाळीस वर्षं काढली होती. तिने घर एकदा पाहिलं आणि सामान बांधायला घेतलं. जुनं घर तसंच उभं राहिलं, छप्पर एका बाजूने खचलेलं, मेंढ्या आत-बाहेर करायला मोकळ्या. आणि फरशी? आता हे सांगताना मलाच अवघड वाटतं. फरशी मी नेली. माझ्या वासरांच्या गोठ्यापुढे चिखल व्हायचा. जेम्सी म्हणाला, "ने मायको, तिचं आता काय करायचं." आम्ही दोघांनी पहारीने उचकटली. खालची कवटी त्यातच फुटली, खडूसारखी. जेम्सी थोडा वेळ खड्ड्याकडे बघत उभा राहिला, मग पायाने माती लोटली. दोन वर्षं माझी वासरं त्या फरशीवरून आत जात-येत होती, आणि दोन वर्षं जेम्सीचं फिडल नव्या घराच्या खिळ्यावर टांगलेलं होतं. विचारलं तर म्हणायचा, सांधे धरलेत.

सांधे नव्हते, पण हात खरोखरच बिघडत चालला होता. डाव्या हाताची करंगळी आत वळायला लागली होती. किलरशच्या डॉक्टरने तळवा दाबून पाहिला आणि सांगितलं, हे असंच वळत जाणार, पानगळीपर्यंत बोट तळव्याला टेकेल. इतर कोणाला हे सांगितलं असतं तर त्याने नशिबाला चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. जेम्सी घरी येऊन माझ्या बांधावर बसला.

"नॅनची जिग करंगळीशिवाय होत नाही, मायको," तो म्हणाला.

नॅनची जिग म्हणजे तिने त्याला शेवटी शिकवलेली गत. नॅन गेली ती एनिसच्या इस्पितळात. जेम्सी भेटायला गेला तर तिने तेवढंच मागितलं, की ही माझ्याबरोबर पुरली जाऊ देऊ नकोस. हा हो म्हणून आला. पुढे त्याने दोघांना शिकवली. एक बोस्टनवाला, त्याने फिडल बोटीवरच विकलं. दुसरा मी. माझे कान असे आहेत की मी वाजवलेली गत नॅनने ओळखली नसती, मग इतरांची काय कथा. तेव्हा ती गत जगात एकाच ठिकाणी होती, जेम्सीच्या त्या वाकड्या होत चाललेल्या बोटात.

"डब्लिनच्या त्या माणसाला लिही," मी म्हणालो. प्रेंडरगास्ट नावाचे एक गृहस्थ रेडिओसाठी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गावोगाव जुनं संगीत टिपत फिरतात, असं ऐकलं होतं. जेम्सीला पत्र लिहायचा कंटाळा, तेव्हा ते मीच लिहिलं. उत्तर आलं, जूनमध्ये शुक्रवार ते रविवार तुमच्या बाजूला आहे.

शुक्रवारी प्रेंडरगास्ट आले. उंच, सभ्य, चहात साखर न घेणारे. टीझीने सोड्याचा पाव भाजला होता, त्यांनी चार तुकडे खाल्ले, त्यामुळे टीझीचं मत चांगलं झालं. यंत्र टेबलावर मांडलं. जेम्सी बुटक्या खुर्चीवर बसला, म्हणाला, "ही नॅन होननकडून मिळाली. तिला कोणाकडून मिळाली ते मी विचारलं नाही. ती चूक माझी." आणि वाजवली.

एकही सूर चुकला नाही. करंगळी वर पोचली. पण मी पंचेचाळीस वर्षं त्याला ऐकत आलेला माणूस, मला वाटलं शेजारच्या खोलीत कोणी दुसराच वाजवतोय. त्याची नजर त्या सिमेंटवर होती, आणि सिमेंटवर काही नव्हतं.

"फार सुंदर, मिस्टर मॅरिनन," प्रेंडरगास्ट म्हणाले.

"पुसून टाका," जेम्सी म्हणाला.

"अहो, उत्तम आलंय."

"सूर आलेत. नॅन नाही आली. पुसा."

प्रेंडरगास्टांनी माझ्याकडे पाहिलं. मी टीझीकडे. टीझी कपबशा गोळा करायला लागली आणि कपबशांनाच सांगितल्यासारखी म्हणाली, "याला पाय पाहिजेत. आणि पायांना खाली काहीतरी पाहिजे. सिमेंटवर नाचायचं म्हणजे भिंतीशी गप्पा मारायच्या."

"रविवारी दुपारपर्यंत मी आहे," प्रेंडरगास्ट म्हणाले. भला माणूस. पुढे मला कळलं की त्या रविवारी त्यांना सकाळीच गॉलवेला निघायचं होतं.

शनिवारी सकाळी जेम्सी पहार घेऊन माझ्या दारात. "फरशी परत दे."

"घे की. पण घालणार कुठे? सिमेंट फोडणार?"

"मी विचारलं टीझीला."

"मग?"

"ती म्हणाली, सिमेंटला पहार लागली तर दुसरी कवटी शोधायची गरज नाही, तुझीच वापरेन."

तेव्हा फरशी जुन्या घरात, जुन्याच खड्ड्यावर घालायची ठरली. मेंढ्या हाकलल्या, चुलीपुढची जागा झाडली, खड्डा मोकळा केला. राहिली कवटी. आणि गावात घोडा शोधा म्हटलं तर जिवंतही मिळेना. सगळीकडे ट्रॅक्टर. जॅक टॉल्टीकडे एक घोडी होती, पण ती धडधाकट होती आणि जॅकने आम्हाला गेटजवळ घुटमळताना पाहून तिला आत नेऊन कडी घातली. हा जॅक माझा चुलतभाऊ, आणि इतकी वर्षं झाली तरी तो मला विचारतो, त्या दिवशी तुमच्या मनात नेमकं काय होतं.

जेम्सी बांधावर बसून टोपी फिरवत होता. मला उत्तर माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. बिशपला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दलदलीच्या कडेला कोरड्या जागी जेम्सीने त्याला स्वतः पुरलं होतं.

"घोड्याचीच लागते," तो म्हणाला.

"असं कुठे लिहिलंय?"

"आजोबा म्हणायचे."

"आजोबांकडे घोडा होता. गाढव असतं तर गाढव म्हणाले असते."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "एकवीस वर्षं ओढलं त्याने मला. आता मेल्यावरही कामाला लावू?"

"ओढायचं काहीच नाही," मी म्हणालो. "नुसतं ऐकायचंय. ते तर तो करायचाच."

तेवढ्यात फादर कॉन्सिडाइन सायकलवरून आले. विचारलं, काय चाललंय. जेम्सीने टोपी काढली आणि सरळ सांगितलं, "बिशपना वर काढतोय, फादर." फादर या गावात नवे. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. सगळं समजावून सांगितल्यावर ते पेडलवर पाय ठेवत म्हणाले, "यावर चर्चचा काही नियम असेल असं वाटत नाही. पण मी इकडून गेलोच नाही असं समजा." रविवारी मात्र पहिल्या रांगेत बसायला आले.

दलदलीच्या मातीने बिशपला चहाच्या रंगाचं करून ठेवलं होतं. कवटी स्वच्छ, घट्ट, बोटाने टिचकी मारली तर खणखणीत. जेम्सीने ती आपल्या कोटात गुंडाळली आणि पोटाशी धरून घरापर्यंत नेली. मी कुदळी घेऊन मागून. वाटेत त्या पिवळ्या फुलांच्या झुडपापाशी तो क्षणभर थांबला.

कवटी खड्ड्यात तोंड दाराकडे करून ठेवली, वर फरशी. जेम्सीने टाच आपटली. आवाज खालून भरून वर आला.

"घोड्यापेक्षा खालचा सूर लागलाय," तो म्हणाला.

"वाईट?"

"नाही. वयस्कर."

रविवारी चर्चमधल्या मासनंतर अर्धं गाव जुन्या घरात. छपराच्या भोकातून ऊन बरोबर चुलीवर पडलेलं, टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, चार विटा पेटवल्या होत्या, कारण चुलीत जाळ नसला तर जेम्सीला परकं वाटतं. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर, तार खिडकीतून आत. आता नाचणार कोण? दोन तरण्या पोरींना विचारून झालं होतं. त्या नाचायच्या छान, पण त्यांना स्पर्धेतलं नाचणं येत होतं, उंच उंच उड्या. फरशीवरचं जमिनीलगतचं, टाचेचं नाचणं त्यांच्या आयांबरोबरच सुटलं होतं. टीझीचा उजवा खुबा गेलेला, ती जिना सुद्धा बाजूने उतरायची. ती दाराशी उभी होती, अंगात कोट, डोक्याला रुमाल, म्हणे छप्पर कोणाच्या डोक्यात पडतंय का ते बघायला आले.

जेम्सी बसला. नॅनचं नाव घेतलं. गज उचलला आणि तसाच धरून बसला. नजर फरशीवर. फरशी रिकामी. यंत्र फिरत होतं, प्रेंडरगास्ट श्वास रोखून उभे. कोणीतरी खोकलं.

"हे असं किती वेळ बसणार आहेस?" टीझी दारातून म्हणाली.

"मला घाई नाही," जेम्सी म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

"तुला कधीच नव्हती. लग्नाच्या दिवशीही नव्हती." तिने कोट काढून माझ्या अंगावर टाकला. "धर, मायको. आणि बुटांकडे बघत बसू नकोस, रविवारचे नाहीत."

ती फरशीवर जाऊन उभी राहिली. हात अंगाशी सरळ, चेहरा बाजारात उभं राहावं तसा. डावी टाच एकदा टेकवली. खालून बिशपने उत्तर दिलं, आणि मी शपथेवर सांगतो, जेम्सीच्या खांद्यांवरून दोन वर्षं उतरलेली मी पाहिली.

मग नॅनची जिग सुरू झाली. ती कशी होती ते शब्दांत सांगायला मला शाळेने शिकवलं नाही. एवढंच सांगतो, की फिडल पायांच्या पुढेही जात नव्हतं आणि मागेही राहत नव्हतं. टाच पडायची तिथेच सूर असायचा, जणू तो फरशीतूनच निघतोय. त्यात नॅनच्या यंत्राचा पायटा होता, डेअरीचा रस्ता होता. करंगळी वर गेली, पोचली, परत आली. दुसऱ्या फेरीत, जिथे गत वर चढून वळते तिथे, टीझीने उजवा पाय उचलला आणि खुब्याने दगा दिला. पाऊल अर्ध्या श्वासाएवढं उशिरा पडलं. जेम्सीने तो सूर धरून ठेवला. ती पोचेपर्यंत थांबला, आणि ती पोचल्यावर दोघं बरोबर खाली उतरले. तिसऱ्या फेरीत तिथेच तो आधीच थांबला, तिला वेळ मिळावा म्हणून.

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जॅक टॉल्टी टोपीने डोळे पुसत होता आणि धूर फार झाला म्हणत होता.

प्रेंडरगास्ट हळूच म्हणाले, "अप्रतिम. फक्त ते एक ठिकाण, थोडं अडखळल्यासारखं झालं. पुन्हा एकदा घेऊ या का, चूक टाळून?"

जेम्सी फिडल पुसत होता. "ती चूक नाही," तो म्हणाला. "ती टीझी आहे."

पुन्हा घेतलं नाही. टीझी तेव्हा चुलीशेजारी बसून खुबा चोळत होती आणि मला विचारत होती, कोट घडी करून धरता येत नाही का.

पानगळीत करंगळी टेकली. जेम्सीने कुरकुर केली नाही. त्यानंतर तो तोंडानेच गती म्हणायचा, चौदा वर्षं, आणि दुसऱ्या कोणाला वाजवताना ऐकायला बसला की नजर पायांवर.

तो गेल्यावर काही वर्षांनी मी आणि टीझी एनिसच्या एका पबमध्ये बसलो होतो, माझ्या नातीच्या साखरपुड्यानंतर. कोपऱ्यात पाच-सहा पोरंपोरी वाजवत होती, कोणी डब्लिनची, कोणी कॉर्कची. एका पोरीने फिडल उचललं आणि म्हणाली, "ही जेम्स मॅरिननकडून, त्यांना नॅन होननकडून." टीझीने ग्लास खाली ठेवला. पोरगी छान वाजवत होती. गत वर चढली, वळणावर आली, आणि तिथे सगळेच्या सगळे, बासरीवालासुद्धा, अर्धा श्वास थांबले आणि मग खाली उतरले.

मला राहवलं नाही. गत संपवून ती पोरं थांबली तेव्हा विचारलं, "बाळ, तिथे का थांबता गं?"

"ती तशीच आहे, आजोबा," ती म्हणाली. "तिकडची जुनी पद्धत आहे. रेकॉर्डवर ऐकून शिकलो आम्ही. तेच तर अवघड आहे त्यात."

मी टीझीकडे बघितलं. वाटलं, आता ही सांगेल. तिने उजवा पाय स्टुलाखालून बाहेर काढला, दोन्ही हातांनी खुबा सरळ केला आणि त्या पोरीला जवळ बोलावलं.

"चांगलं वाजवतेस," ती म्हणाली. "पण नावं घेतेस तर पुरी घे. गाढव राहिलं."